शेवटच्या कडव्यातील नाव

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात चंद्रपूर शहरात गाण्याला तोटा नव्हता. जटपुरा दरवाज्याकडून गोल बाजाराकडे चालत निघावे, तर भिंतीभिंतीवर येणाऱ्या कार्यक्रमांच्या जाहिराती रंगवलेल्या दिसत. कुठे नागपूरचा ऑर्केस्ट्रा, कुठे कव्वालीचा मुकाबला, कुठे भजनी मंडळांची चढाओढ. गर्दी सर्वत्र होई. परंतु बहुतेक ठिकाणी चाल सिनेमाची आणि शब्द तेवढे नवे, असा प्रकार असे. त्यात कोणाला काही वावगेही वाटत नसे.

आमच्या वाचनालयाच्या मंडळींनी त्या वर्षी एक निराळा उपक्रम योजला. महिन्यातून दोन रविवारी, सायंकाळी, वाचनालयाच्या अंगणात सतरंजी अंथरावी आणि ज्याने गाणे स्वतः जुळवले, चालही स्वतःच बांधली, त्यानेच ते येऊन गावे. दुसऱ्याचे गाणे गायचे नाही, हा एकच नियम. मी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन नुकताच वाचनालयाचा कार्यवाह झालो होतो. त्यामुळे गायक शोधण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

जाहिरातीचे काम मुखरूकडे होते. वाचनालयासमोर त्याचा पानठेला होता, आणि त्याचा आवाज असा, की ध्वनिक्षेपकाची गरज त्याला नसून ध्वनिक्षेपकालाच त्याची गरज असावी. सायकलरिक्षावर भोंगा बांधून तो गावभर हिंडे. पहिल्या रविवारी बिरजू नावाचा कोळसा खाणीतील कामगार गाऊन गेला. खाणीत नेणाऱ्या पिंजऱ्यातून खाली उतरताना आकाशाचा तुकडा कसा लहान होत जातो, हे त्याचे गाणे ऐकून अंगण स्तब्ध झाले होते. दुसऱ्या रविवारी अहेरीकडचा जंगू गोंडीत गायला. शब्द फारच थोड्यांना कळले, पण एकही श्रोता उठला नाही. त्यामुळे तिसऱ्या कार्यक्रमाच्या वेळी मुखरूच्या अंगात वारे संचारले.

"भाऊ हो, बाया हो, पोट्टेपाट्टे हो! येत्या इतवारी, सांजच्या पाच वाजता, वाचनालयाच्या आंगनात गाणे! सिनेमाचे नाई, उसने नाई, चोरीचे त नाईच नाई! ज्यानं जुळवलं त्याच्याच तोंडून! भद्रावतीच्या सत्यशीलाबाई, खुद्द जुळवलेले गाणे! बसाले सतरंजी फुकट, चहा ज्याचा त्याचा!"

सत्यशीलाबाईंना मी प्रथम ऐकले ते भद्रावतीला, आयुधनिर्माणीच्या वसाहतीजवळील विहारात, एका पौर्णिमेच्या दिवशी. त्यांचे यजमान खुशाल हे निर्माणीत कामाला आणि ढोलकीवर अत्यंत सुरेल हाताचे. बाई चाळिशीच्या आतबाहेर. माहेर आरमोरीजवळच्या एका खेड्यातले, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, वाढलेल्या. त्यांनी तीन गाणी म्हटली, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात एकच नाव आले: 'म्हणे रामाजी'. कार्यक्रम संपल्यावर मी जवळ जाऊन म्हणालो, "हे रामाजी कोण? फार मोठ्या योग्यतेचा कवी दिसतो."

खुशाल हसू लागले. "गुरुजी, रामाजीबाबा मोठेच हायेत. पन हे गाणे बाईचे हायेत. रामाजीबाबा तिचे गुरू."

मग त्यांनी जी रीत सांगितली, ती मला पूर्वी ठाऊक नव्हती. त्या भागातील गायनमंडळींत शिष्याने गाणे जुळवले तरी शेवटच्या कडव्यात नाव गुरूचे घालायचे. गुरू जेव्हा चारचौघांसमक्ष 'आता तुझे नाव घे' असे म्हणेल, तेव्हाच शिष्याचे नाव गाण्यात यायचे. तोवर शिष्य जे काही निर्माण करील ते गुरूचे. मला ही रीत ऐकून एक प्रकारचा आदर वाटला. आपल्या परंपरेतही गुरूच्या नावाखाली अनेक शिष्यांचे शब्द शांतपणे वाहत आलेले आहेत, आणि त्या शिष्यांनी कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. निदान तेव्हा मला असे वाटले.

"मग बाईंना ती परवानगी कधी मिळाली नाही?" मी विचारले.

"लगन झालं, इकडं आली, ते राहूनच गेलं," खुशाल म्हणाले.

बाई वाद्ये आवरीत होत्या. त्यांनी मान वर न करताच म्हटले, "राहून गेलं म्हणजे पंधरा वर्सं राहून गेलं. आता माही पोरगी आठवीत हाये. शाळेत बाईनं इचारलं, तुही आई गाते ते गाणे कोनाचे? थे म्हणे, रामाजीचे. घरी येऊन मले म्हणते, आई, तू दुसऱ्याचेच गाणे काऊन गातेस?"

बाईंची कीर्ती ऐकून त्यांना रविवारचे आमंत्रण देण्यासाठी मी तिथे गेलो होतो. परंतु आमचा नियम आणि त्यांची रीत यांचा मेळ बसणार नव्हता, हे तिथेच लक्षात आले. अंगणातला प्रत्येक श्रोता शेवटच्या कडव्यातले नाव ऐकून जाणार. त्या नावाचा मनुष्यच गाण्याचा धनी ठरणार.

म्हणून सत्यशीलाबाईंनी आणि मी रामाजीबाबांना भेटायला आरमोरीला जायचे ठरवले.

मूल गावामार्गे एस.टी. बसने गडचिरोली, तिथे बस बदलून आरमोरी, आणि पुढे पायी. धानाची कापणी होऊन गेलेली होती. बांध्या रित्या, पिवळसर, आणि धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, गवत वाळलेले. रामाजीबाबा अंगणात बाजेवर उन्हाला बसले होते. देह वाळलेला, पण पाठ ताठ. त्यांची पुतणी मनकर्णा त्यांचे सारे करीत असे.

"जय भीम, बाबा," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"जय भीम. कोन, सत्या? किती दिसानं आली वं! जवाई कुठी हाये? त्याची ढोलकी फुटली का हात मोडला?"

"दोनी साबूत हाये. ड्युटीवर हाये ते."

"अन् हे कोन?"

"चंद्रपूरचे गुरुजी. यायच्या इथी इतवारी माहं गाणं हाये."

बाबांनी मला बाजेवर बसवून घेतले. चहा आला. बाईंनी पदर सावरला, आणि ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षे तोंड उघडले नव्हते ती एका दमात सांगून टाकली. रामाजीबाबा ऐकत राहिले, आणि मग मोठ्याने हसले.

"म्हणजे तू अजून माह्याच नावानं गाऊन राह्यली? मले वाटे तू कवाचीच मोकळी झाली!"

"तुमी बोललेच नाई, बाबा."

"तू इचारलंच नाई, बावळे!"

"गुरूले कसं इचारते?"

"तोंडानं इचारते! गाताना उघडते तेवढं तोंड, तेवढंच उघडायचं." मग ते गंभीर झाले. त्यांनी आपला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "घे. आपलं नाव घे. गुरुजी साक्षीले हाये. अन् असं घरातल्या घरात नाई चालत, मी इतवारी येतो. चारचौघांत सांगतो. मंग कोनी बोट दाखवनार नाई."

सत्यशीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते, पण त्या हसत होत्या. निघताना मनकर्णा आम्हाला धुऱ्यापर्यंत पोचवायला आली. तिने मला जरा मागे थांबवले.

"गुरुजी, मी बाबाले आनीन इतवारी. पन एक सांगून ठेवतो. सालभरापासून आजची गोष्ट उद्या बाबाच्या डोक्यात रायत नाई. जुन्या गोष्टी बी आता सरकून राह्यल्या."

"मग रविवारी सकाळी तुम्हीच आठवण करून द्या," मी म्हणालो.

"देईन. पन आठवन देल्ली का ते चिडते. म्हणते, मले शिकवून राह्यली का?"

रविवार आला. हिवाळ्याचे स्वच्छ ऊन अंगणातल्या कडुनिंबातून सतरंजीवर उतरले होते. साडेचार वाजेपर्यंतच मंडळी येऊ लागली. भद्रावतीहून वसाहतीतल्या बायांचा एक घोळका आला होता, त्यांत बाईंची मुलगीही होती. मी आत वाचनकक्षात खुशालरावांना पाणी देत असता मुखरू धावत आला. त्याच्या तोंडातले पान तसेच होते आणि चेहरा उतरलेला.

"गुरुजी, घात झाला! बुढे बाबा आले. माह्या ठेल्यावर बाकावर बसले. म्या इचारलं, बाबा कुठून आले? त म्हणते, आरमोरीहून. काहाले आले? त म्हणते, आज माहे गाणे हायेत. म्या म्हटलं, गाते त सत्यशीलाबाई. म्हणते, थे माही पोरगी, गाते थे, जुळवले म्या. आता सांगा! आठ दिवस म्या गावभर काय बोंबललो?"

सत्यशीलाबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी वळून पाहिले. मनकर्णा मुखरूच्या मागोमाग आत आली.

"सकाळी आठवन देल्ली होती," ती म्हणाली. "हो हो म्हटलं. बसमधी पुन्हा देल्ली. तवा चिडले. म्हणे, माहे गाणे मले माईत नाई का? सत्या, त्याईच्या डोक्यात आता पक्कं बसलं, का तुहे समदे गाणे त्याईचेच. गाण्यागाण्यात आपलं नाव ऐकलं इतके वर्सं. मंग काय होईन?"

मला त्या क्षणी रीतीचा दुसरा चेहरा दिसला. ज्या नावाने शिष्येने गुरूला मान दिला, त्याच नावाने गुरूची स्मृती भरून गेली होती. कोणी खोटे बोलत नव्हते. वृद्ध मनुष्य आपल्या कानांनी जे ऐकत आला, त्यावर विश्वास ठेवीत होता.

खुशालराव तापले. "यात इचार काय करायचा? त्याईनं परवानगी देल्ली. गुरुजी साक्षीले होते. होते का नाई, गुरुजी?"

"होतो," मी म्हणालो. "परवानगी दिली, ती मी ऐकली. ती दिलेली आहे."

"झालं मंग! आपल्या गाण्यात आपलं नाव घे. चोरी कोनती त्यात?"

"मी सांगतो," मुखरू म्हणाला. "बाबाले मागं बसवा. त्या नळाजवळ. तिथी माहा भोंगा बी ऐकू येत नाई. बाई गातीन, टाळ्या होतीन, बाबाले चहा पाजू, गाडीत बसवू."

"मुखरूभाऊ," सत्यशीलाबाई पहिल्यांदाच बोलल्या, "ज्यानं मले गाणं शिकवलं त्याले नळाजवळ बसवू?"

मुखरूने पान थुंकायला दाराबाहेर मान वळवली आणि तो तसाच उभा राहिला.

"परवानगी देल्ली तवा ते चारचौघांत सांगीन म्हणाले होते," त्या पुढे म्हणाल्या. "चारचौघं इथी हायेत. मी इचारीन."

"अन् नाई म्हटलं त?" खुशालरावांनी विचारले. "एवढ्या लोकायसमोर नाई म्हटलं त? मंग तुहं एक बी गाणं तुहं राहनार नाई. चंद्रपूर म्हणन, रामाजीचे गाणे होते, अन् ही बाई आपले म्हणून गाऊन राह्यली होती. पोरगी समोर बसली हाये तुही."

"माईत हाये."

"मंग?"

"नाई म्हटलं त त्याईच्या नावानं गाईन. अन् मुखरूभाऊ, तुमी भोंग्यावर सांगजा, का बाईनं स्वतःचे म्हणून फसवलं." त्यांनी खिडकीतून ठेल्याकडे पाहिले. "पन त्याईच्या डोळ्यांसमोर, त्याईले न इचारता, नाई घेत मी नाव. त्याईले वाटन, सत्यानं माहं घर लुटलं. ते उद्या इसरतीन बी. पन आज त वाटनच ना?"

मी साक्षीदार होतो, आणि साक्षीचा उपयोग वाद जिंकण्यापुरता असतो, हे मला कळत होते. ज्याने दिले त्यालाच दिल्याचे भान नाही, ते दान घेणाऱ्याच्या हातात कसे राहावे? उलट, दिलेले स्मृतीबरोबर नाहीसे होत असेल, तर जगात कोणतीच गोष्ट कोणाची राहणार नाही. दोन्ही पक्ष मला तितकेच खरे वाटत होते, आणि पाच वाजत आले होते.

रामाजीबाबांना आम्ही पुढे, सतरंजीच्या कडेला खुर्चीवर बसवले. पांढरे धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. चेहऱ्यावर प्रसन्न अधिकार. मी त्यांच्या शेजारी बसलो. अंगण भरले होते. कुंपणावर सायकली टेकवून माणसे बाहेरही उभी होती.

सत्यशीलाबाई व्यासपीठावर न चढता सरळ बाबांपुढे आल्या. हात जोडले.

"बाबा, गाण्याच्या शेवटी माहं नाव घेऊ का?"

रामाजीबाबांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या; रागाच्या नव्हे, कोणी अनपेक्षित काही मागितले म्हणजे पडतात तशा.

"माह्या गाण्यात तुहं नाव? काऊन वं?"

अंगणात कुजबुज उठली. मागून कोणीतरी म्हणाले, "भोंग्यात त दुसरंच होतं!" काही जण हसले. मुखरूने त्या दिशेला असे पाहिले, की हसू थांबले. पण बोललेले मागे घेता येत नाही. बायांच्या घोळक्यात बाईंची मुलगी आपल्या वेणीचे टोक मुठीत धरून बसली होती.

मी तोंड उघडले. साक्ष द्यावी, असे मनात आले. बाईंनी माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

"तुमी म्हणान तसं, बाबा," त्या म्हणाल्या.

"तू गा पयले," रामाजीबाबा म्हणाले. "किती दिवस झाले, ऐकलं नाई. गा. शेवटी पाहू."

त्या व्यासपीठावर जाऊन बसल्या. खुशालरावांनी ढोलकीवर हात ठेवला. त्यांचा जबडा आवळलेला होता, पण ठेका संथ आणि नितळ उमटला. बाईंनी रोवण्याचे गाणे निवडले. धानाच्या देशात ज्याला रोवणा म्हणतात, त्या रोपलावणीचे. वाकून, मागे मागे सरकत, चिखलात एकेक रोप अंगठ्याने दाबत जाणाऱ्या बायांचे गाणे. आवाज मोठा नव्हता, परंतु त्यात ओल होती. पहिले कडवे झाले, दुसरे झाले. रामाजीबाबा डोळे मिटून मान डोलवीत होते, मधूनच ओठांनी शब्द सोबत म्हणत होते. त्यांना गाणे पाठ होते. मला मनातून वाटले, झाले, हे गाणे आता बाईंच्या हातून गेले.

मग तिसरे कडवे आले:

रोप लावता लावता अंगठा झाला मुका,
माह्याच हातचा भात, माह्या अंगठ्याले परका.

रामाजीबाबांचे ओठ थांबले. त्यांनी डोळे उघडले. बाईंनी रीतीप्रमाणे ती ओळ पुन्हा घेतली, आणि बाबांनी आपला उजवा हात वर करून डोळ्यांजवळ नेला. अंगठा तर्जनीवर घासला. एकदा, दोनदा. जसे जेवताना भाताचा घास चाचपावा तसे.

"थांब," ते म्हणाले.

ढोलकी थांबली.

"हे काय हाये? अंगठा मुका?"

"रोवण्यात होते, बाबा," बाई म्हणाल्या. "दिवसभर चिखलात अंगठा दाबू दाबू सुन्न होते. सांजच्या वक्ती जेवाले बसलं का भात लागत नाई अंगठ्याले. रोवणा सरल्यावर बी लय दिवस."

बसलेल्या बायांमधून हुंकार आले. एक म्हातारी मोठ्यानेच म्हणाली, "खरं हाये, माय! नख बी मऊ पडते."

रामाजीबाबा आपल्या हाताकडेच पाहत होते. "म्या रोवणा केला नाई कधी," ते हळूहळू म्हणाले. "रोपाच्या पेंढ्या फेकल्या. नांगर धरला. नांगराचं दुखनं इथी रायते," त्यांनी तळहाताच्या मध्यावर बोट ठेवले, "इथी, अन् खांद्यात. अंगठ्यात नाई रायत. अन् जे माह्या अंगाले ठावं नाई, ते म्या गाण्यात घातलंच नाई कधी. कोनाच्या सांगन्यावरून बी नाई. तुले बी तेच शिकवलं होतं ना?"

"हो, बाबा."

"मंग हे म्या कसं जुळवलं असन?"

मनकर्णाने पदर तोंडाशी नेला होता. बाबा हे सत्यशीलाबाईंना विचारीत नव्हते. ते स्वतःच्या आत काहीतरी शोधीत होते आणि ते तिथे सापडत नव्हते. ज्याला कालची गोष्ट आठवत नाही त्या मनुष्याला आपल्या हाताची सवय मात्र आठवत होती. आणि त्याने तिच्यावर विश्वास ठेवला, स्मृतीवर नाही.

"बाबा," बाई शेवटी म्हणाल्या, "नाव कोनाचं घेऊ?"

"माहं काहाले घेतेस? अंगठा तुहा हाये, त नाव बी तुहंच घे."

हे त्यांनी चारचौघांसमक्ष म्हटले. भद्रावतीच्या बायांनी टाळ्या सुरू केल्या, पण बाबांनी हात वर करून त्या थांबवल्या. "गाणं पुरं व्हाचं हाये," ते चिडून म्हणाले.

सत्यशीलाबाईंनी शेवटचे कडवे घेतले. 'म्हणे सत्यशीला' असे शब्द उच्चारले आणि त्या अडखळल्या. पंधरा वर्षे त्या जागी 'रामाजी' हे नाव बसलेले. नवे नाव तिथे मावेना. ढोलकीची थाप आधी पडली, नाव मागून आले. मागे कोणीतरी फिसकन हसले. बाईंनी पुन्हा घेतले, पुन्हा तेच. त्यांच्या चेहऱ्यावर आलेला आनंद मावळू लागला, आणि खुशालरावांनी ठेका ओढून धरायचा प्रयत्न केला, तर तो अधिकच बिघडला.

"ए जवाई! ठेका नको ओढू, ढोलकी हाये का बैल!" रामाजीबाबा खुर्चीतून उठले होते. मनकर्णा हात द्यायला पुढे झाली, तिला त्यांनी दूर केले आणि काठी टेकीत व्यासपीठाच्या कडेला येऊन बसले. "सत्या, तुहं नाव लांब हाये. माह्या जागेवर कोंबून राह्यली तू. 'म्हणे' काढून टाक."

"काढू?"

"काढ ना! गुरूचं सांगाचं असते तवा 'म्हणे' लागते. तू त समोर बसली हायेस. सरळ नाव घे, अन् 'शी'वर थांब. पयले बोलून दाखव."

"सत्यशीला..."

"कुठी थांबली? 'शी'वर थांब म्हटलं ना. दम घे. हं."

"सत्यशीऽऽला..."

"आता ढोलकी."

थाप पडली. पुन्हा चुकली. बाबांनी मांडीवर हात मारून स्वतः ठेका धरला, आणि दोनशे माणसांच्या देखत, जणू ते आरमोरीजवळच्या त्या अंगणातच बसले आहेत, अशा थाटात शिष्येकडून तिचे नाव घोटवून घेऊ लागले. सत्यशीऽऽला. पुन्हा. सत्यशीऽऽला. पुन्हा. कोणी कंटाळले नाही. कुंपणापलीकडच्या माणसांनी सायकलींच्या सीटवर ठेका धरला. मुखरू नळाजवळ उभा राहून ओठांनी नाव म्हणत होता. आणि मग एका वेळी ते नाव जागेवर बसले. थाप आणि नाव एकाच क्षणी उमटले, आणि बाई न थांबता पुढे गेल्या:

सत्यशीऽऽला, धुऱ्यावर दिवस कलंडला,
अजून एक बांधी, मंग घराले चला.

टाळ्या झाल्या, त्या बराच वेळ झाल्या. बाईंनी आपल्या मुलीकडे पाहिले. मुलीने वेणी सोडून दिली होती आणि ती मैत्रिणीच्या कानात काही सांगत होती.

मनकर्णाने बाबांना धरून माझ्या शेजारी खुर्चीवर आणून बसवले. ते दमले होते. घाम पुसून झाल्यावर माझ्याकडे वाकून त्यांनी अगदी हळू विचारले, "गुरुजी, मंग माहे कोनते होते?"

मी व्यासपीठाकडे पाहिले. बाईंना ते शब्द ऐकू येणे शक्य नव्हते, परंतु त्या बाबांच्याच चेहऱ्याकडे पाहत होत्या. त्यांनी खुशालरावांना काही सांगितले. ठेका बदलला, जड, एकेक पाऊल टाकत जाणारा, ओल्या मातीत फाळ रुतावा आणि सुटावा तसा. नांगराचे गाणे होते ते.

दुसऱ्याचे गाणे गायचे नाही, हा आमचा नियम मोडत होता. मुखरूने अंगणाच्या पलीकडून माझ्याकडे भुवया उंचावून पाहिले. मी मान हलवली, की असू दे.

पहिल्याच कडव्यात तळहाताच्या मध्यावर पडलेला घट्टा आला. दुसऱ्यात खांदा आला. रामाजीबाबा यावेळी ओठ हलवीत नव्हते. ते पुढे झुकून, दोन्ही हात काठीवर ठेवून, प्रथमच ऐकावे तसे ऐकत होते. एका ओळीला त्यांनी "वा!" म्हटले. श्रोत्यांतही त्याच ओळीला मान डोलली.

"चांगलं हाये," ते माझ्या कानाशी म्हणाले. "जुळवनारा नांगराचा मानूस दिसते. कोनाचं हाये, गुरुजी?"

"थांबा, रामाजीबाबा," मी म्हणालो. "शेवटचं कडवं येऊ द्या."